कापसाची कादंबरी आणि ज्वारीची कादंबरी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कापसाचा उत्पादनखर्च’ असा विषय छापला आहे. विषय तोच आहे, वाट मात्र आज वेगळी धरणार आहे. मी शेतकी पदवीधर. खताच्या मात्रा, दोन ओळींतले अंतर, बोंडअळी यांवर बोलायला सांगा, दोन तास बोलेन. कादंबरी हा माझा प्रांत नव्हे. तरी आज कादंबरीवर बोलतो आहे, कारण ते कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या कामाचे आहे.

पावसाळा संपता संपता जिल्ह्याच्या गावी वाचनालयात एका कादंबरीकाराने आपल्या नव्या कादंबरीचे वाचन ठेवले होते. कादंबरी अजून छापायची आहे, तेव्हा त्यांचे नाव इथे घेत नाही. गृहस्थ शाळामास्तर, घरी आठ एकर कोरडवाहू. पुढच्या खुर्च्यांवर प्राध्यापक मंडळी होती. मागे मास्तरांनी आपल्या गावची पंधरा-वीस माणसे टेम्पोत घालून आणून बसवली होती, त्यात वेचणीला जाणाऱ्या बायकाही होत्या. हा काय प्रकार, ते मला आधी कळले नाही. मला वाटले, टाळ्यांसाठी आणली असतील.

त्यांनी काट्यावरचे प्रकरण वाचले. एक कास्तकार घरी ताणकाट्यावर प्रत्येक गाठोडे तोलतो आणि वजन कोळशाने भिंतीवर लिहितो. गाडी यार्डात दोन रात्री उभी राहते. व्यापाऱ्याचा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढतो, ‘ओल आहे’ म्हणतो. मग कडता. घरी परतल्यावर हा माणूस पट्टीवरचे वजन आणि भिंतीवरची बेरीज ताडून पाहतो आणि बायकोला काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तीच भिंत सारवून टाकते. एवढेच प्रकरण. रडारड नाही, भाषण नाही. पुढच्या खुर्च्यांवरून ‘वा’ आले.

मागून एक म्हातारबा उभे राहिले. ‘मास्तर, वाचलं ते खरं हाय. पन तुमी लिवलं का दसऱ्याले तिसरी वेचनी चालू होती. कोरडवाहूत? आमच्या इकडं दसऱ्याले सीतादही झाली त नशीब म्हना.’ सभागृहात हसू पिकले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातले पेन काढले, पान उलटवले आणि तिथल्या तिथे ती ओळ खोडून दुरुस्त केली. मग लक्षात आले की माणसे टाळ्यांसाठी आणलेलीच नव्हती. तपासनीस म्हणून आणली होती.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा तो छापण्याआधी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. ज्यांच्यावर लिहिले त्यांच्या कानावरून लिखाण आधी जाऊ द्यायचे. पुढे ही रीत मोडली आणि शेतकऱ्यावरचे लिखाण शेतकऱ्याला शेवटी कळू लागले, तेही कळले तर.

वाचनानंतर प्रश्न सुरू झाले. प्राध्यापकांनी विचारले, कसे लिहिता? मास्तर म्हणाले, पहाटे चारला उठतो, शाळेची वेळ होईपर्यंत लिहितो, पान होवो न होवो, वहीत तारीख घालतोच. पहिला खर्डा आठवणीवरून लिहिला होता, तो बाजूला ठेवला. का? तर त्यात व्यापारी सगळे राक्षस होते आणि शेतकरी सगळे देव. मग एक अख्खा हंगाम सुट्टीच्या दिवशी काट्याजवळ चहाच्या टपरीवर बसून काढला. वही बाहेर काढायची नाही, ऐकायचे, घरी येऊन लिहायचे. सगळ्यात अवघड काय गेले, असे कोणीतरी विचारले. मला वाटले, आता दुःख, वेदना असे काही सांगतील. ते म्हणाले, ‘भाव. कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, किती भाव होता आणि वेचाई किती होती, हे कुणाच्याच घरात लिहिलेले सापडत नाही. माणसं दुष्काळाचं साल सांगतात, भावाचं सांगत नाहीत.’

शेवटी मागच्या बायकांतल्या एकीने विचारले, ‘भाऊ, हे पुस्तक छापून आलं म्हंजे वेचाई वाढन काय?’

सभागृह एकदम गप्प झाले. मास्तर म्हणाले, ‘नाही वाढनार, माय.’ आणि मग त्यांनी अमेरिकेतल्या दोन कादंबऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली, एक कापूसवाल्याची, एक ज्वारीवालीची. मला ती चटका लावून गेली. नंतर मी जमेल तिथून पुस्तके मिळवून वाचली आणि जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कापूसवाल्याचे नाव जॉन स्टाइनबेक. जन्म १९०२, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास या गावी. तो स्वतः शेतकरी नव्हता. १९३६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘न्यूज’ या दैनिकाने त्याला मजुरांवर लेखमाला लिहायला सांगितले. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या भागांतून देशोधडीला लागलेली कुटुंबे मोडक्या मोटारींत संसार घालून कॅलिफोर्नियात येत होती, कापूस आणि फळे वेचायला. स्टाइनबेक बेकरीची जुनी गाडी घेऊन त्यांच्या मुक्कामांवर फिरला. आर्विन येथे सरकारी छावणी होती, तिचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स.

या कॉलिन्सकडे नीट लक्ष द्या, कारण कादंबरीचे बियाणे त्याच्याकडे होते. तो दर आठवड्याला वरिष्ठांना अहवाल पाठवी. आपल्याकडच्या ग्रामसेवकाच्या अहवालासारखा नव्हे. किती कुटुंबे आली, काय खातात, कुठे किती दिवस काम मिळाले, काय मजुरी मिळाली हे तर त्यात असेच, पण बायका धुण्याच्या जागी काय बोलतात, माणसे कोणती गाणी म्हणतात, कोणता शब्द कसा उच्चारतात हेही असे. स्टाइनबेकने हे अहवाल वाचले, कॉलिन्सबरोबर तो फिरला, आणि पुढे पुस्तक अर्पण करताना बायकोच्या नावासोबत या टॉमचेही नाव घातले.

आता लिहिण्याची गोष्ट. आधी त्याने सॅलिनासमधल्या कोबीसारख्या सॅलडच्या पाल्याच्या कामगारांच्या संपावर एक टिंगलीचे पुस्तक लिहिले. बागायतदारांवर आणि गावच्या पुढाऱ्यांवर कोरडे ओढलेले. साठ-सत्तर हजार शब्द झाले. १९३८ च्या मे महिन्यात त्याने ते नष्ट केले. प्रकाशकाला कळवले की हे पुस्तक प्रामाणिक नाही. त्याच्या मते त्यातून द्वेष वाढला असता, समज वाढली नसती. आपल्या मंचांवरून होणारी अर्धी भाषणे या कसोटीला लावून पाहावीत, पण तो विषय पुन्हा कधी.

मे अखेर त्याने नवी कादंबरी सुरू केली आणि २६ ऑक्टोबर १९३८ ला संपवली. म्हणजे आपल्या मृगाच्या पेरणीच्या थोडे आधी सुरुवात आणि पहिल्या वेचणीच्या सुमारास शेवट. पाच महिने, एका खरीप हंगामात बसणारे काम. रोज दोन हजार शब्द असा नेम. कागद म्हणजे हिशेबाच्या मोठ्या वहीची पाने, त्यावर बारीक अक्षर. बायको कॅरोल ते टंकलिखित करी आणि कादंबरीचे नावही तिनेच सुचवले. रोज मुख्य लिखाणाला हात घालण्याआधी तो एका वेगळ्या रोजवहीत चार-दहा ओळी लिही. ती रोजवही त्याच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये छापली गेली.

ती वाचताना मला कोणत्याही शेतकऱ्याची आठवण झाली असती. शेजारी घर बांधताहेत, हातोड्यांचा आवाज. पाहुणे आले, दिवस फुकट. पोट बिघडले. प्रकाशकाचे दिवाळे निघते आहे, पैसे मिळतील की बुडतील. आणि मधूनमधून एकच चिंता, की मला लिहिता येत नाही, मी लोकांना आणि स्वतःलाही फसवतो आहे. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तारीख आणि पुन्हा दोन हजार शब्द. प्रतिभा वगैरे शब्द त्या वहीत शोधावे लागतात. दिसते ते डवरणीसारखे काम, ओळीमागून ओळ.

‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ १४ एप्रिल १९३९ ला बाहेर आली. जोड नावाच्या एका कुटुंबाची ही गोष्ट. ओक्लाहोमातील सॅलिसॉजवळ हे लोक वाट्याने कापूस करीत. जमीन बँकेची आणि मालकांची. ट्रॅक्टर येतो, घर पाडतो, आणि कुटुंब कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागते. तीस प्रकरणांच्या या पुस्तकात कापूस वेचणीचे एक छोटे प्रकरण आहे, २७ वे. आपण सगळ्यांनी ते एकदा ऐकावे असे आहे. वेचायला यायचे तर लांब पिशवी मालकाकडून विकत घ्यायची, किंमत एक डॉलर, पैसे नसतील तर पहिल्या मजुरीतून कापणार. शंभर पौंडांना, म्हणजे साधारण ४५ किलोंना, पहिल्या वेचणीला ८० सेंट, दुसऱ्या वेचणीला ९०, कारण तेव्हा बोंडे विरळ. म्हणजे पिशवीचे पैसे फिटेपर्यंत शंभर पौंडांहून जास्त कापूस फुकट वेचायचा. मग काटा. काट्यात खोट असते हे वेचणाऱ्याला ठाऊक, म्हणून तो पिशवीत दगड घालतो. दगड घालतात हे मालकाला ठाऊक, म्हणून तो काट्यात खोट ठेवतो. कोणी आधी सुरू केले हे पुस्तक सांगत नाही. हे लिहायला लेखक काट्याजवळ उभा राहिलेला असावा लागतो.

मात्र माझ्यातला शेतकी पदवीधर इथे आडवा येतो. आपल्या म्हातारबांनी दसऱ्याची चूक काढली, तशी एक चूक या एवढ्या मोठ्या कादंबरीतही आहे आणि अमेरिकेतल्या जाणकारांनी ती फार पूर्वीच दाखवली आहे. कादंबरीची सुरुवात धुळीने होते. मका करपतो, आकाश लाल होते, दाराच्या फटीत चिंध्या कोंबतात. पण सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, आर्कान्साच्या सीमेलगत आहे. तिथे वर्षाला सरासरी चाळीस इंचांहून अधिक पाऊस पडतो. धुळीच्या वादळांचा खरा मुलूख तिथून पाचशे किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, ओक्लाहोमाची चिंचोळी पट्टी, आग्नेय कोलोरॅडो, नैर्ऋत्य कॅन्सस. १९३० च्या दशकात पूर्वेकडेही कोरडी वर्षे आली, नाही असे नाही. पण जोडसारख्या कुटुंबांना धुळीने उठवले नव्हते.

मग कशाने उठवले? अमेरिकेत १९२९ च्या हंगामात कापसाचा भाव पौंडाला १६-१७ सेंट होता. १९३१ मध्ये तो सहा सेंटच्या खाली गेला. दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्यावर. १९३३ मध्ये सरकारने भाव चढवण्यासाठी उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले आणि सुमारे एक कोटी एकरांवरचे पीक मोडले. चेक जमीनमालकाच्या नावे निघाला. त्यातला वाटा कुळाला द्यायचा होता, पण कितीतरी ठिकाणी तो पोचलाच नाही. क्षेत्र कमी करायचे तर कुळे कशाला हवीत? मालकाने चेक घेतला, ट्रॅक्टर घेतला आणि कुळाला रस्ता दाखवला. कादंबरीत ट्रॅक्टर आहे, बँक आहे. भाव आणि तो सरकारी चेक फारसे दिसत नाहीत. त्यांच्या जागी धूळ आहे.

मी हे खोड काढण्यासाठी सांगत नाही. धूळ डोळ्यांत जाते, लेखकालाही दिसते, छायाचित्रातही येते. भाव कुठे दिसतो? तो पट्टीवर असतो आणि पट्टी हरवते. आपल्याकडेही कोरडवाहू शेतकऱ्यावरची कथा बहुधा ‘पावसाने दगा दिला’ इथून सुरू होते. पावसाने दगा दिला हे खरेच असते, पण पाऊस बरा झाला त्या वर्षी काय झाले, याची कथा क्वचितच सापडते. मास्तर जे म्हणाले की भाव कुणाच्या घरात लिहिलेला नाही, त्याचा अर्थ मला इथे लागला.

आता कादंबरीने काय साधले, ते पाहू, कारण त्या बाईंचा प्रश्न तोच होता. पुस्तक वर्षभरात चार लाखांवर खपले. १९४० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, चित्रपट निघाला, १९६२ मध्ये लेखकाला नोबेल मिळाले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट १९४० मध्ये छावण्या पाहून आल्या आणि लेखकाने अतिशयोक्ती केलेली नाही, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. संसदेच्या चौकशी समितीने कॅलिफोर्नियात येऊन सुनावण्या घेतल्या. पण १९३५ च्या कामगार कायद्यातून शेतमजूर वगळले होते, ते वगळलेलेच राहिले. मजुरी वाढली ती महायुद्धामुळे हात कमी पडू लागले तेव्हा. स्टाइनबेकने मात्र १९३८ च्या पुराच्या वेळी, मजूर तंबूंतून उपाशी मरत असताना, या लोकांवर पैसे कमवणे मला जमणार नाही, अशा आशयाचे पत्र आपल्या साहित्य-दलालाला लिहिले होते. त्याची लेखमाला पुस्तिकेच्या रूपाने छापली, तिचे पैसेही मजुरांसाठी गेले. हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

विरोध कोणी केला? ‘असोशिएटेड फार्मर्स’ या संघटनेने. नाव शेतकऱ्यांचे. १९३४ मध्ये उभी राहिली, तिला पैसा पुरवला रेल्वे, वीज, साखर आणि डबाबंद फळांच्या कंपन्यांनी. काम एकच, मजुरांचे संप मोडणे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये कर्न काउंटीच्या मंडळाने ही कादंबरी ग्रंथालये आणि शाळांतून काढून टाकायचा ठराव केला. बेकर्सफील्डला ती जाळण्यात आली, छायाचित्रकारांसमोर, एका मजुराच्या हातून. जाळण्याचा घाट घालणारा बिल कँप कोण होता? तो आमच्या पेशाचा, कापूस-संशोधक. सरकारी नोकरीत असताना त्याने कॅलिफोर्नियात अकाला जातीचा कापूस रुजवायला मदत केली, १९३३ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन उभा कापूस मोडण्याच्या त्या योजनेच्या कापूस विभागात काम केले, परत येऊन स्वतः मोठा बागायतदार झाला आणि तिथल्या असोशिएटेड फार्मर्सचा पुढारी. शेतीशास्त्राची पदवी आणि शेतकरी संघटनेचे पद, दोन्ही माझ्याकडेही आहे. संघटनेच्या नावात शेतकरी आहे एवढ्यावर कोणी विश्वास टाकू नये, माझ्यावरही नाही. ती कोणाच्या पैशावर चालते आणि वेचणीच्या बाईचा काटा कोणत्या बाजूला झुकवते, ते पाहावे.

आता ज्वारीवालीची कादंबरी. ही गोष्ट मास्तरांनी दोन वाक्यांत सांगितली होती. मला मात्र दोन्हींत हीच जास्त महत्त्वाची वाटते.

सनोरा बॅब. जन्म १९०७, ओक्लाहोमातच. लहानपणी आजोबांच्या शेतावर गेली, आग्नेय कोलोरॅडोत. धुळीचा मुलूख तो हाच. घर म्हणजे जमिनीत खोदलेली खोली. आजोबांचे पीक ब्रूमकॉर्न. नावात कॉर्न असले तरी तो मका नव्हे, ती ज्वारीच. आपल्या ज्वारीचीच जात, पण कणसाच्या काड्या लांब आणि चिवट, त्यांचे झाडू करतात. त्या कोरड्या पठारावर दुसरीही एक ज्वारी पिके, मायलो. इथल्या म्हाताऱ्या माणसांना ती माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर जी लाल ‘मिलो’ आली, जिच्या भाकरीला आपली माणसे नावे ठेवीत आणि तीच खाऊन जगली, ती ही. तेव्हा बॅबच्या आजोबांचे रान आपल्याला अगदीच परके नाही.

बॅब मोठी होऊन पत्रकार झाली. १९३८ मध्ये ती कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावण्यांवर काम करू लागली, त्याच टॉम कॉलिन्सच्या हाताखाली. दिवसभर तंबू-तंबू फिरायचे, कुटुंबांना मदत कशी मिळेल ते सांगायचे आणि रात्री टिपणे लिहायची. हे लोक तिचेच होते, तिच्याच मुलखातून उठून आलेले. त्या टिपणांतून ती कादंबरी लिहीत होती. गावाकडून आईने धुळीच्या वादळांबद्दल जे लिहून कळवले होते तेही तिने कादंबरीत घातले. म्हणजे एका शेतकरी बाईचे घरगुती टिपण कादंबरीचे प्रकरण झाले. तिच्या टिपणांपैकी काही कॉलिन्सने स्टाइनबेकला वाचायला दिली. त्याने त्यांतले किती घेतले, यावर अभ्यासक आजही भांडतात.

बॅबची प्रकरणे न्यूयॉर्कच्या रँडम हाउसला पसंत पडली. ती कादंबरी पुरी करायला न्यूयॉर्कला गेली. तेवढ्यात १९३९ च्या एप्रिलमध्ये ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ आली आणि गाजली. प्रकाशकाने बॅबला सांगितले, एकाच विषयावरची दोन पुस्तके बाजार पेलणार नाही. बाजारात गाठी जास्त झाल्या की आपला कापूस जसा परत येतो, तशी कादंबरी परत आली. ती छापून निघाली २००४ मध्ये. पासष्ट वर्षांनी. तेव्हा बाई ९७ वर्षांच्या होत्या, पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्या गेल्या.

कादंबरीचे नाव ‘हूज नेम्स आर अननोन’, म्हणजे ‘ज्यांची नावे ठाऊक नाहीत’. हे नाव काव्यमय वाटते, पण आहे कोर्टाच्या कागदातले. जागा खाली करण्याची नोटीस काढताना त्यात लिहायचे, अमुक पुरुष आणि अमुक स्त्री, ज्यांची खरी नावे ठाऊक नाहीत. नोटीस बजावता येते, नाव विचारायला मात्र वेळ नसतो.

त्या कादंबरीत काय आहे? स्टाइनबेकची माणसे कादंबरी उघडते तेव्हा जवळजवळ उठलेलीच असतात. बॅबची माणसे निम्मे पुस्तकभर शेतातच आहेत. पेरतात, पाऊस हुकतो, उधारी वाढते, दुकानदार तोंड फिरवतो, पुन्हा पेरतात. गाव सोडण्याआधी शेतकरी किती वेळा ‘अजून एक हंगाम’ म्हणतो, ते त्यात आहे. स्टाइनबेकची कादंबरी मोठी, तिची झेप मोठी, याबद्दल माझे दुमत नाही. पण शेतकऱ्याच्या घरातले माणूस लिहू लागले म्हणजे कोणती पाने वाढतात, ते बॅब वाचल्यावर कळते. आपल्याकडे उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० मध्ये आली, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ मध्ये आली, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आतली माणसे लिहिताहेत. बैठकीला आलेल्यांपैकी किती जणांनी ती वाचली, असे विचारून मी कोणाची पंचाईत करत नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय. मागच्या तीन बैठकांत आपण उत्पादनखर्चाचे आकडे गोळा करायचे ठरवले. सोळा गावांतून आलेले कागद माझ्याकडे आहेत. बियाण्याचा खर्च सगळ्यांनी लिहिला आहे, कारण पावती असते. खताचा लिहिला आहे. वेचाईच्या रकान्यात कितीकांनी नुसते ‘खूप’ असे लिहिले आहे. कडत्याचा रकाना बहुतेक कोरा. घरच्या माणसांच्या मजुरीचा रकाना सगळ्यांचाच कोरा. हे कागद घेऊन मी कोणापुढे जाऊ? कृषिमूल्य आयोग सोडा, आपल्या मास्तरांच्या कादंबरीलाही ते पुरणार नाहीत.

दारात दोनशे पानी वह्या ठेवल्या आहेत, प्रत्येक गावाला दोन. एक कास्तकाराची, एक वेचणाऱ्या बायकांची. वेचणीची तारीख, घरच्या काट्यावरचे वजन, वेचाईचा दर, विकले त्या दिवशीचा भाव, पट्टीवरचे वजन, कडता. ज्वारीवाल्यांनी कडब्याचाही भाव लिहायचा, तो नेहमी राहून जातो. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी वहीत उतरवायचा, मोबाइल पाण्यात पडतो. दुकानदार काय बोलला, बँकेतला साहेब काय म्हणाला, तेही लिहायला हरकत नाही, जसे बोलला तशाच शब्दांत. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या, आणि आठवड्यातून एकदा पारावर मोठ्याने वाचून दाखवा. बायकांची वही बायकांसमोर वाचायची. चूक निघाली तर तिथेच दुरुस्त करायची.

वही नेताना पहिल्या पानावर आपले पूर्ण नाव घाला. ‘समस्त गावकरी’ असे लिहू नका.